वडिलांच्या इस्टेटीचा कारभारी हिशोब देत नसेल तर वारसाने काय करावं

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की पुढच्या पंधरवड्यात माझ्या जळगावच्या वकिलीच्या ऑफिसात हमखास दोन-तीन लेकी येतात. मुराळी, म्हणजे माहेरचा माणूस, घ्यायला आला, माहेरी चार दिवस राहिल्या, खापरावरचे मांडे आणि आमरस झाला, आणि परत येताना काहीतरी डोळ्यांत राहिलं. वडील जाऊन तीन वर्षं झाली. कोर्टातून मोठ्या भावाने सगळी व्यवस्था स्वतःच्या हाती घेतली. केळी दर वर्षी कापली जाते, पण पैशाचा विषय कुणी काढत नाही. यंदा कळलं की रस्त्याकडचा प्लॉटही विकला. ‘विचारू कसं ताई? पुढच्या वर्षी मुराळी यायचा नाही.’

त्या भीतीला मी कधी कमी लेखत नाही. पण हिशोब मागणं म्हणजे भांडण उकरणं नव्हे. कोर्टाने कुणाला इस्टेटीचा कारभार दिला तर तो सांभाळायला आणि वाटायला दिलेला असतो. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ प्रमाणे मालमत्ता कारभाऱ्याच्या हाती येते ती मयताचा कायदेशीर प्रतिनिधी म्हणून. तो तिचा मालक होत नाही. हिशोब दाखल करणं हे कायद्याने त्याच्यावर टाकलेलं काम आहे, मग बहीण मागो वा न मागो. इथूनच सुरुवात केली की पुढचं बरंच सोपं होतं.

आधी विचारा: कारभार कोणत्या कागदावर चालला आहे?

‘भावाने कोर्टातून करून घेतलं’ एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. त्यातून काहीच कळत नाही, कारण कागद वेगळा तर उपायही वेगळा. मृत्युपत्र असेल आणि त्यात व्यवस्थापक (एक्झिक्युटर) नेमलेला असेल तर त्याला मिळतं ते प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावरचं कोर्टाचं शिक्कामोर्तब. मृत्युपत्र नसेल, किंवा असूनही व्यवस्थापक नेमलेला नसेल, तर जिल्हा न्यायालय लेटर ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे प्रशासनपत्र देतं आणि ते घेणारा प्रशासक ठरतो. बँकेतल्या ठेवी, शेअर्स, येणी वसूल करण्यापुरतं वारसा प्रमाणपत्र असतं. त्याशिवाय आपल्याकडे १८२७ च्या मुंबई विनियम ८ खालचा वारस दाखला अजून चालतो. जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये हिंदू माणसाच्या इथल्याच मालमत्तेच्या मृत्युपत्राला प्रोबेट घेणं सक्तीचं नव्हतंच. त्यामुळे अनेक घरांत प्रोबेट कधी निघालेलंच नसतं आणि सगळा कारभार फेरफार नोंदीवर, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलणाऱ्या महसुली नोंदीवर, चाललेला असतो.

आणखी दोन प्रकार नेहमी दिसतात. एक म्हणजे वडिलांनी हयातीत दिलेलं कुलमुखत्यारपत्र. ते वडिलांबरोबरच संपतं. मृत्यूनंतर त्यावर केलेली विक्री किंवा त्या आधारे काढलेले पैसे बेकायदा ठरतात. दुसरा म्हणजे नॉमिनी. बँकेच्या ठेवीला ज्याचं नाव लावलं त्याला बँक पैसे देऊन मोकळी होते, पण ते पैसे त्याचे होत नाहीत. तो वारसांच्या वतीने ते धरून ठेवतो. विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर नियम वेगळा आहे.

कागद कोणता ते शोधायला ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर भावाच्या नावाने शोधा. जिल्हा निवडून पक्षकाराचं नाव टाकलं की अर्ज क्रमांक आणि सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक मिळतो. अमळनेर आणि भुसावळ इथेही अतिरिक्त जिल्हा न्यायाधीश बसतात, म्हणून एकट्या जळगावात शोधून थांबू नका. वडिलांचा फ्लॅट मुंबईला किंवा पुण्याला असेल तर तिथेही पाहा, कारण जिथे मालमत्ता आहे तिथल्या कोर्टातही अर्ज करता येतो.

संपूर्ण फाइलची नक्कल काढा

सर्वांत जास्त वेळ याच पायरीला द्या. क्रमांक मिळाला की नक्कल विभागात अर्ज करून सही-शिक्क्याच्या नकला घ्या. नुसत्या आदेशाची नक्कल पुरत नाही. मूळ अर्ज, त्यासोबतची मालमत्तेची यादी, काढलेल्या नोटिसा, वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस, जामीनपत्र, आणि नंतर दाखल झालेली यादी व हिशोब, हे सगळं मागा.

मूळ अर्ज वाचताना पहिली नजर कुटुंबाच्या तपशिलावर टाका. प्रशासनपत्राच्या अर्जात मयताचे कुटुंबीय आणि इतर नातलग कोण, ते कुठे राहतात, हे लिहावंच लागतं. कलम २७८ तसं सांगतं. बहिणींची नावंच नसतील, किंवा लग्न होऊन शिरपूरला नांदणाऱ्या बहिणीचा पत्ता माहेरचाच टाकून नोटीस भावाच्याच घरी बजावलेली असेल, तर तुमच्या हाती फार मोठा मुद्दा आला. ज्यांना नोटीस जायला हवी होती त्यांना न कळवता पत्र मिळवलं, हे ते रद्द करण्याचं कारण म्हणून कायद्यातच उदाहरण देऊन सांगितलेलं आहे.

दुसरी नजर यादीवर. यादीत जे आहे त्यापेक्षा जे नाही ते जास्त बोलतं. वडिलांचे विकास सोसायटीतले शेअर्स, पतसंस्थेच्या ठेव पावत्या, लॉकर, ट्रॅक्टर, ठिबकचा संच, कापसाचं जिनिंगवाल्याकडचं येणं, मृत्यूच्या दिवशी शेतात उभं असलेलं पीक, आईच्या अंगावरच्या सोन्याखेरीज घरात असलेलं सोनं, हे सगळं आठवून एका वहीत उतरवा आणि यादीशी ताडून पाहा. माझ्याकडे कापडी पिशवीत कागद घेऊन येणाऱ्या बायकांना मी आधी ही वही भरायला लावते. वडिलांनी कोणता गट कधी घेतला, कोणाला उसने पैसे दिले, हे लेकींना वकिलापेक्षा कितीतरी जास्त ठाऊक असतं.

तिसरी नजर जामिनावर. प्रशासकाने जामीनदारासह बंधपत्र द्यायचं असतं: इस्टेट गोळा करीन, नीट सांभाळीन, कायद्याप्रमाणे वाटीन. हे बंधपत्र फाइलमध्ये पडून राहतं आणि कोणी त्याच्याकडे पाहत नाही. पुढे त्याचं काम लागणार आहे.

शेतीचे कागद वेगळे काढा: वडिलांच्या मृत्यूपासून आजवरचे सातबारे, सगळे फेरफार, आठ-अ, आणि दुय्यम निबंधक कार्यालयातून सूची क्रमांक दोनचे उतारे. प्लॉट विकला की नाही, कितीला आणि कोणाला, हे सूची दोनवर स्पष्ट दिसतं.

एक गोष्ट इथेच तपासा, कारण पुढच्या मागण्या त्यावर अवलंबून आहेत. जमीन वडिलांच्या कमाईची की वडिलोपार्जित? वडिलोपार्जित असेल तर मुलीचा जन्माने मिळालेला हिस्सा वडिलांच्या इस्टेटीत येतच नाही, आणि प्रशासकाचा अधिकार फक्त वडिलांच्या हिश्श्यापुरता उरतो. सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालानंतर वडील २००५ च्या आधी वारले असले तरी मुलीचा हा हक्क राहतो. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर वाटप झालं असेल तर ते मात्र मोडत नाही. नंदुरबारकडच्या आदिवासी कुटुंबांना हिंदू उत्तराधिकार कायदा आपोआप लागू होत नाही. त्यांनी हे गणित तसंच्या तसं आपल्याला लावू नये. त्या प्रकरणांचा जाणकार वकील आधी गाठावा.

लेखी मागणी

कोर्टात जाण्याआधी एक पत्र पाठवा. पोच पावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा आणि व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका. भाषा साधी आणि घरची ठेवा, धमकी नको. ‘दादा, तुम्हाला अमुक तारखेला कोर्टातून पत्र मिळालं. त्यानंतर इस्टेटीत काय जमा झालं, काय खर्च झाला, कोणतं कर्ज फेडलं, काय शिल्लक आहे, याचा हिशोब पंधरा दिवसांत द्या. तोवर कोणतीही जमीन विकू नका, गहाण ठेवू नका.’ एवढं पुरे. उत्तर आलं तर प्रश्न इथेच मिटू शकतो. माझ्या पाहण्यात बरेच भाऊ लबाड नसतात. वही ठेवलेली नसते, घरखर्च आणि इस्टेट एकाच खात्यावर चाललेली असते आणि विचारलं की ते चिडतात. अशा भावाला सनदी लेखापालाकडे बसवलं तर हिशोब उभा राहतो. उत्तर आलं नाही तर तुमच्याकडे तारखेसह पुरावा तयार झाला.

आणि पत्राच्या उत्तरात ‘नोंदीसाठी फक्त एक सही पाहिजे’ म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयात बोलावलं तर जाऊ नका. ते हक्कसोडपत्र असतं. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र नंतर मोडायला वर्षं जातात, आणि तेवढं करूनही यश मिळेलच असं नाही.

तुम्हाला नेमकं हवं काय?

इथे बहुतेक जण चुकतात. रागाच्या भरात ‘त्याचं प्रशासनपत्रच रद्द करा’ म्हणून अर्ज होतो. सहा वर्षांनी पत्र रद्दही होतं, पण पैसे परत येत नाहीत, कारण त्या अर्जातून पैसे मिळायचेच नव्हते. काही थांबवायचं आहे, हिशोब हवा आहे, माणूस काढायचा आहे की नुकसान भरून घ्यायचं आहे, हे आधी ठरवा. चारही हवं असेल तरी प्रत्येकाचा अर्ज वेगळा आणि कधी कोर्टही वेगळं.

विक्री थांबवायची असेल तर सगळ्यात आधी तेच करा. मयत हिंदू, मुस्लिम, बौद्ध, शीख किंवा जैन असेल तर प्रशासकाला कोर्टाच्या पूर्वपरवानगीशिवाय स्थावर मालमत्ता विकता, गहाण ठेवता किंवा बक्षीस देता येत नाही, पाच वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्यानेही देता येत नाही. हे कलम ३०७ आहे. परवानगी नसताना विकलं तर हितसंबंधित वारसाला तो व्यवहार रद्द करून घेता येतो. मात्र व्यवहार आपोआप पडत नाही, तुम्हाला दावा लावावा लागतो, आणि दस्त रद्द करण्याच्या दाव्याला वस्तुस्थिती कळल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे. म्हणून सूची दोन हाती आल्याची तारीख लिहून ठेवा. प्रशासकाने इस्टेटीतली वस्तू स्वतःच विकत घेतली, उघडपणे किंवा मेहुण्याच्या नावाने, तर तीही विक्री कलम ३१० खाली रद्द होऊ शकते. इथला खरेदीदार सहसा गावातलाच असतो. त्याला वेळेत लेखी हरकत कळवली तर पुढे ‘मला माहीतच नव्हतं’ म्हणायला जागा उरत नाही.

दिवाणी दाव्यात तूर्तातूर्त मनाईसाठी निशाणी ५ चा अर्ज दाव्यासोबतच द्यायचा. केळीचा बाग किंवा गोदामाचं भाडं यासारखं चालू उत्पन्न उधळलं जात असेल तर मनाई हुकूम पुरत नाही. रिसिव्हर नेमण्याची मागणी करा, म्हणजे उत्पन्न कोर्टाच्या देखरेखीत येतं. रावेर-यावलच्या बागांच्या बाबतीत मी हे आवर्जून मागते, कारण केळी थांबत नाही. घड तयार झाला की आठवड्याभरात माल ट्रकमध्ये असतो आणि काटा पावती ज्याच्या नावाची त्याच्या खात्यात पैसे जातात.

महसुली बाजूही सोडू नका. फेरफार प्रलंबित असेल तर तलाठ्याकडे नोटिशीच्या मुदतीत लेखी हरकत द्या, म्हणजे नोंद तक्रारी नोंदवहीत जाते. नोंद मंजूर झालेली असेल तर प्रांताधिकाऱ्यांकडे साठ दिवसांत अपील करा. रावेर-यावलचं प्रांत कार्यालय फैजपूरला आहे. पण फेरफाराने मालकी ठरत नाही. प्रांताकडे जिंकलं म्हणून दिवाणी दावा लांबवू नका.

हिशोब काढणं

प्रोबेट किंवा प्रशासनपत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत इस्टेटीची संपूर्ण आणि खरी यादी, आणि एका वर्षात जमाखर्चाचा हिशोब कोर्टात दाखल करायचा असतो. कलम ३१७. कोर्ट मुदत वाढवू शकतं. फाइलच्या नकलेत या दोन गोष्टी नसतील, आणि बहुधा नसतातच, तर ज्या कोर्टाने पत्र दिलं तिथेच अर्ज करा: प्रशासकाला यादी व हिशोब दाखल करण्याचा आदेश व्हावा. कमी खर्चात सर्वांत जास्त परिणाम करणारा अर्ज मला हाच वाटतो. आदेश होऊनही जाणूनबुजून दाखल केलं नाही तर तो गुन्हा ठरतो. जाणूनबुजून खोटी यादी दाखल केली तर खोटा पुरावा दिल्याचा गुन्हा. एवढं वाचलं तरी अनेकांच्या वह्या सापडतात.

हिशोब आला की तो पावत्यांशी ताडा. सोसायटीचं कर्ज फेडलं म्हणतात तर सोसायटीचा खातेउतारा मागा. केळी कमी भावाने गेली म्हणतात तर व्यापाऱ्याची हिशोबपट्टी आणि त्या दिवसांचे बाजार समितीचे दर पाहा. लग्नकार्याचा, घर रंगवण्याचा खर्च इस्टेटीत टाकला आहे का पाहा. दिवसकार्याचा वाजवी खर्च, कर्ज, कोर्टखर्च हे इस्टेटीतून जाणं योग्य आहे. त्यावर वाद घालून आपलं म्हणणं कमकुवत करू नका.

माणूस बदलायचा असेल तर

दोन दरवाजे आहेत. पहिला कलम २६३, पत्र रद्द करणं. कारणं कायद्याने ठरवून दिलेली आहेत: प्रक्रियेतच मोठा दोष, कोर्टापासून महत्त्वाची गोष्ट लपवून किंवा खोटं सांगून मिळवलेलं पत्र, पत्र निरुपयोगी झालं असणं, आणि योग्य कारण नसताना जाणूनबुजून यादी-हिशोब न देणं किंवा महत्त्वाच्या बाबतीत खोटा देणं. हा अर्ज जिल्हा न्यायालयात चालतो. नुसता ढिसाळ कारभार किंवा आपल्याशी तुटक वागणं या यादीत नाही. या अर्जाला सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांची मुदत लागू धरलेली आहे, आणि ती पत्र दिल्याच्या तारखेपासून मोजली. ‘मला उशिरा कळलं’ यावर विसंबून राहू नका, जेव्हा कळेल त्याच आठवड्यात वकिलाकडे जा.

दुसरा दरवाजा कलम ३०१. प्रशासकाला निलंबित करणं, काढणं आणि त्याच्या जागी दुसरा नेमणं हा अधिकार उच्च न्यायालयाचा आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार या आपल्या तिन्ही जिल्ह्यांसाठी त्याचं खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला. पत्र रीतसर मिळालं होतं पण नंतरचा कारभार बिघडला, प्रशासक आजारी पडला, इस्टेटीतून स्वतःचं कर्ज फेडू लागला, तर हा मार्ग जास्त नेमका बसतो. खर्च आणि फेऱ्या जास्त, म्हणून इस्टेट मोठी असेल तरच मी तिकडे पाठवते.

वारसा प्रमाणपत्र असेल तर ते रद्द करण्याचं कलम वेगळं, ३८३. अर्ज ते देणाऱ्या कोर्टातच करायचा.

पैसे परत मिळवणं

कारभाऱ्याच्या हातून इस्टेटीची उधळपट्टी झाली, पैसा चुकीच्या जागी गेला, तर नुकसान त्याने स्वतः भरून द्यायचं. कलम ३६८. आणि ३६९ प्रमाणे वसूल करता येण्यासारखं असून वसूल केलं नाही तरीही जबाबदारी त्याचीच. एखाद्या व्यापाऱ्याकडे वडिलांच्या केळीचे चार लाख अडकले होते असं धरा. भावाने ना मागितले ना दावा लावला, तीन वर्षं उलटली, येणं मुदतीबाहेर गेलं. ते चार लाख भावाच्या खिशातून मागता येतात. पुष्कळ वारसांना हे ठाऊकच नसतं.

इथे ते बंधपत्र बाहेर काढा. बंधपत्रातल्या अटी मोडल्याचं कोर्टाला पटलं तर कोर्ट ते बंधपत्र तुमच्या नावे वर्ग करू शकतं, आणि मग सगळ्या वारसांच्या वतीने तुम्ही प्रशासक आणि जामीनदार दोघांवर दावा लावू शकता. जामीनदार बहुधा गावातला प्रतिष्ठित माणूस असतो. त्याला नोटीस गेली की तोच आधी भावाला बोलावून समजावतो, हे मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलं आहे.

सगळं गुंतलेलं असेल, कर्जं, येणी, जमीन, सोनं, तर इस्टेटीच्या व्यवस्थेचा दावा लावा. त्यात कोर्ट आधी इस्टेट किती, देणी किती, वाटा कोणाचा किती याचा तपास करून मग वाटपाचा आदेश देतं. प्रशासकाकडून आपला वाटा मागायला बारा वर्षांची मुदत आहे. नुसतं शेत-घर एवढाच प्रश्न असेल तर सरस-निरस, म्हणजे चांगली-हलकी जमीन पाहून करायच्या, वाटपाचा दावा आणि मागील उत्पन्नाची मागणी पुरते. शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप दिवाणी कोर्ट स्वतः करत नाही. हुकूमनामा जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, तिथून मोजणीला. त्या टप्प्यावर पाठपुरावा सोडलेली प्रकरणं वर्षानुवर्षं पडून असतात.

फौजदारी तक्रारीचा, म्हणजे विश्वासघात किंवा बनावट सहीचा, सल्ला मी उशिरा देते. खोटी सही, मृत्यूनंतर एटीएममधून काढलेले पैसे, असं स्पष्ट कागदावर असेल तर जरूर करा. नुसत्या हिशोबाच्या वादावर केलेली तक्रार पोलिस ‘दिवाणी बाब’ म्हणून परत करतात आणि घरातलं बोलणं मात्र कायमचं बंद होतं.

खर्चाचं आणि तडजोडीचं

स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि अपंग यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं, तालुक्याला तालुका समिती असते, आणि १५१०० या क्रमांकावर विचारता येतं. बहिणींनी मिळून एकच वकील केला तर कागद आणि तारखा एका जागी राहतात.

लोकअदालतीत मिटत असेल तर मिटवा, मला त्यातच जास्त आनंद आहे. तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखा लागू होतो आणि त्यावर अपील नाही, म्हणून सही करण्याआधी मसुदा घरी नेऊन शांतपणे वाचा. गट क्रमांक आणि क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहिलं आहे का, विहीर आणि बोअरचं पाणी कोणी कोणत्या दिवशी घ्यायचं, सोसायटीचं कर्ज कोणाच्या डोक्यावर, शेताकडे जायची वाट कुठून, पैसे कोणत्या तारखेला आणि चुकले तर व्याज किती. आणि त्या दिवशी शेतात उभा असलेला बाग कोणी कापायचा, हेही तारखेसह लिहून घ्या.